यंदा नर आले नाहीत

५ ऑक्टोबर, रविवार

यंदाची पहिली मोजणी झाली. बोरगावच्या पलीकडच्या गवताळ बरडावर पाच भोवत्ये पक्षी उतरले, पाचही तपकिरी. माझ्या बायकोने, मंगलाने, सात सांगितले. नियमाप्रमाणे पाच धरले.

नियम माझाच आहे. दोघांनी वेगवेगळं मोजायचं, मध्ये एकमेकांशी बोलायचं नाही, शेवटी आकडे सांगायचे आणि फरक पडला तर कमी आकडा धरायचा. पक्षी पाहणाऱ्यांना आकडा फुगवायची भारी खोड असते. एकाला गरुड दिसला की शेजारच्याला दोन दिसतात. तीस वर्षं सौंसरच्या गल्लीबोळांत विजेचे मीटर वाचले, एक युनिट कधी इकडचं तिकडे केलं नाही. आता निवृत्तीत काय करायचंय? नागपूरच्या पक्षीमंडळाच्या अपर्णाताई दरवर्षी सगळ्या ठिकाणचे आकडे गोळा करतात. त्या म्हणतात, काका, तुमचा आकडा आला की आम्ही तपासतसुद्धा नाही.

भोवत्या मोजायला सोपा. कझाकस्तानाकडून उडत येणारा हा शिकारी पक्षी झाडावर झोपत नाही, गवतात जमिनीवर झोपतो. दिवसभर कापसा-तुरीवर नाकतोडे टिपत एकटा हिंडायचं आणि सूर्य बुडाला की चहूकडून येऊन एका जागी जमायचं, ही त्याची रीत. आपण तासभर गप्प बसून येणारे मोजायचे.

मोजणीतला माझा जोडीदार नितीन बदली होऊन छिंदवाड्याला गेला. आता कोण, या विचारात असताना मंगला आपणहून म्हणाली, "मी येते." मी बारा वर्षं मोजतोय, त्यात एकदा बरडावर पाय टाकला नाही या बाईने! लेक करुणा लग्न होऊन नागपूरला गेली तेव्हापासून तिला घर खायला उठतं, दुसरं काय.

८ ऑक्टोबर

आज सहा. सगळे तपकिरी.

मंगलाला एकाएकी स्कूटी चालवायची हौस आली आहे. मला मागे बसवते. मी म्हटलं, लोक काय म्हणतील? तर म्हणते, "लोकाईले काय करायचं? बसा मुकाट्यानं." बसलो. तसंही संत्र्याच्या गाड्यांना हल्ली भलतेच दिवे लावतात. समोरून आली की दिव्याभोवती हे एवढं कडं दिसतं आणि रस्ता नाहीसा होतो. या दिव्यांवर कोणीतरी बंदी आणायला हवी.

१२ ऑक्टोबर, रविवार

बरडाला लागून रामाजीचं कापसाचं रान आहे. बोंडं फुटून सगळं पांढरं झालंय. आम्ही बांधावरून जात होतो तर कानाजवळच आवाज आला, "मधुकरभाऊ, ओळख नाही का देत?" मी दचकलोच. रामाजी दहा पावलांवर कापसात उभा, धोतर-सदरा पांढरा, डोक्यावर दुपट्टा पांढरा. असा माणूस कापसात दिसायचा कसा? मी तसं म्हणालो तर तो हसला, पण मंगला हसली नाही. या बाईला अलीकडे विनोद कळेनासा झालाय.

आज आठ धरले. मंगलाचे तेरा! मी तिला समजावलं की गिरक्या घेणारा एकच पक्षी दोनदा मोजला जातो. नव्या माणसाची ही चूक ठरलेली असते. तिने ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर माझ्या पँटची कुसळं वेचत बसली.

एक गोष्ट मात्र खटकते आहे. नर अजून नाहीत. भोवत्याची मादी आणि पिल्लं तपकिरी. नर राखी-पांढरा, पंखांची टोकं काळी, फार देखणा. दरवर्षी दसऱ्याच्या आगेमागे चार-दोन नर येतातच.

२२ ऑक्टोबर

दिवाळीच्या फटाक्यांचा धूर अजून हवेत आहे. सगळं दुधातून पाहिल्यासारखं दिसतं. सुट्टीला करुणा आली आहे. सकाळी म्हणाली, "बाबा, पेपर उन्हात नेऊन कायले वाचून राहिले?" मी म्हटलं, छापणाऱ्यांनी शाई वाचवायला घेतली आहे. ती म्हणाली, "एकदा डोळे दाखवून घ्या ना." मग मात्र माझी सटकली. रस्त्यावर उभं राहून, फाटकाच्या आतल्या मीटरचा आकडा सांगणारा माणूस आहे मी. बायका दार उघडायच्या आत माझं वाचून व्हायचं. दोघी मायलेकी एकमेकींकडे पाहत राहिल्या. चहात मीठ पडलं त्यावरूनही बोलणं झालं. साखरेचा आणि मिठाचा डबा शेजारी ठेवायचा आणि वर मलाच बोलायचं!

संध्याकाळी बारा. नर एकही नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

भांडण झालं. लिहून टाकतो म्हणजे डोकं शांत होईल.

आकडे सांगायची वेळ आली. मी म्हटलं चौदा, सगळे तपकिरी. मंगला म्हणाली, "सव्वीस. त्यातल्या अकरा पांढऱ्या घारी." मी म्हटलं, पांढऱ्या घारी म्हणजे? "त्याच, तुम्ही म्हनता त्या. पंखाचे शेंडे काळे." रामाजी तिथेच बांधावर बसला होता. त्याच्यासमोर मी म्हणालो, "मंगला, संध्याकाळी ढोरांमागचे बगळे घरी जातात, ते मोजून राहिली तू. घरी बसली असती तं बरं झालं असतं."

रामाजी म्हणाला, "भाऊ, वहिनीले बी डोळे हायेत." मी म्हटलं, डोळे असणं वेगळं आणि मोजता येणं वेगळं.

मंगलाने स्कूटी चालू केली.  जेवताना मी म्हटलं, रागावलीस का? म्हणाली, "मी कायले रागावू? मले मोजता येत नाही, एवढंच तं आहे."

रामाजीसमोर बोलायला नको होतं, हे मान्य. पण बगळे ते बगळे. अकरा नर आले असते तर मला दिसले नसते का?

२ नोव्हेंबर, रविवार

आता शंका उरली नाही. दसरा जाऊन महिना झाला, बरडावर एकही नर नाही. बारा वर्षांत असं झालेलं नाही. रात्रभर डोक्यात तेच. वाटेत कुठे वादळात सापडले असतील? की नर यंदा वेगळ्या वाटेने गेले? नर आधी निघतात आणि मागून माद्या, असं कुठेसं वाचलं होतं. पुढे निघालेल्या सगळ्या नरांवर काही संकट आलं असेल तर? एवढा लांबचा प्रवास, आणि निम्मी बिरादरी वाटेतच संपली. 

अपर्णाताईंना सविस्तर कळवलं. त्यांचा फोन तासाभरात आला. आवाज बदललेला. "काका, तुमचे आकडे आहेत म्हणून मी घाबरले आहे. बाकी ठिकाणी नर दिसताहेत. तुमच्याकडेच काय झालंय?" मग विचारलं, "जोडीदार काय म्हणतोय?" मी म्हटलं, जोडीदार नवीन आहे, जास्त सांगतो, आपण नियमाप्रमाणे कमी धरतो. त्या म्हणाल्या, बरोबर. पुढच्या महिन्यात मंडळाची बैठक आहे, तिथे हे मांडावं लागेल.

मंगला दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "पांढरे आलेच नाहीत असं नका ना लिहू." मी विचारलं, काहून? म्हणाली, "कोनाचं तरी वाईट होऊन जाईन." कोणाचं वाईट होणार, ते काही तिने सांगितलं नाही.

५ नोव्हेंबर

आज मी पंधरा म्हणालो आणि मंगलाही म्हणाली पंधरा. सगळे तपकिरी. मी शाबास म्हटलं. महिनाभरात शिकली म्हणायची. मनातून फार बरं वाटलं. वाटेत तिच्यासाठी गरम भजी घेतली, पण तिने खाल्ली नाहीत. पोट बरं नाही म्हणाली.

९ नोव्हेंबर, रविवार

आजही दोघांचे आकडे जुळले. सोळा. आता आमची जोडी चांगली जमली आहे.

अपर्णाताई पुढच्या रविवारी स्वतः येणार आहेत. मंगलाला म्हटलं, माझा निळा शर्ट इस्त्री करून ठेव.  ती म्हणाली, "त्या यायच्या अगोदर आपन एकदा नागपूरले करुणाकडे जाऊन येऊ ना." ऐन मोसमात नागपूर? काहीही सुचतं हिला.

१६ नोव्हेंबर, रविवार

 जे झालं ते तसंच लिहितो.

अपर्णाताई चारच्या बसने आल्या. आम्ही तिघं बांधावर बसलो. हवा स्वच्छ, वारा नाही. सूर्य बुडताना येणं सुरू झालं. मी मोजत होतो, तपकिरी, तपकिरी, एक मोठा अंधुकसा, तोही तपकिरीच. मध्येच अपर्णाताईंनी श्वास आत घेतल्यासारखा आवाज केला. मला वाटलं, नर नाहीत म्हणून वाईट वाटलं त्यांना.

अंधारत आलं. मी म्हटलं, सतरा. सगळे तपकिरी.

 अपर्णाताई अगदी हळू म्हणाल्या, "माझे अडतीस, काका. सोळा नर आहेत."

मला हसूच आलं आधी. मी मंगलाकडे वळलो. ती खाली पाहून गवताची काडी मोडत होती. अपर्णाताईंनी विचारलं, "काकू, तुमचे?" मंगला म्हणाली, "मायेही तेवढेच." आणि लगेच, घाईघाईने, "आजच आले ना हे पांढरे. आजपर्यंत नव्हते. यांचं बरोबर आहे. आजच आले." असं तीनदा म्हणाली.

अपर्णाताईंनी तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "हो, येतात कधी कधी उशिरा," म्हणाल्या. मग त्यांनी आपली दुर्बीण माझ्या गळ्यात घातली. "एक अजून समोर तारेच्या खांबावर बसलाय बघा. काय सुंदर नर आहे!" मी पाहिलं. खांब दिसला. तारही जराशी दिसली. खांबावर काही नव्हतं. मागे संध्याकाळचं पांढरट आभाळ होतं, एवढंच.

मी म्हणालो, "हो हो. सुंदर."

तीस वर्षांत मी न वाचलेला आकडा लिहिला नाही. आज न दिसलेला पक्षी दिसला म्हणालो.

१७ नोव्हेंबर

सकाळी मंगला भाजी आणायला गेली तेव्हा रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. आमच्याच घराचा मीटर. आधी नुसती चौकोनी पेटी दिसली. फाटकापाशी गेलो, तरी आकडे नाहीत. पायरीवर चढून नाक लावलं तेव्हा कुठे पुसट रेघा दिसल्या. एक डोळा झाकला, मग दुसरा. उजव्याने तर सगळं ओल्या काचेतून.

तिथेच पायरीवर बसलो. म्हणजे कापसातला रामाजी मंगलाला दिसला होता. चहात मीठ मीच घातलं होतं. गाड्यांचे दिवे सगळ्यांना तसे दिसत नव्हते. आणि नर आले होते. पहिल्या आठवड्यापासून आले होते, दर संध्याकाळी माझ्या तोंडासमोरून जाऊन गवतात बसत होते आणि मी त्यांच्या मरणाचं दुःख करत होतो.

मंगला आली. पिशवी खाली ठेवली. मी काही बोलायच्या आधीच तिला समजलं. म्हणाली, "दसऱ्याच्या अगोदर तुम्ही बैलगाडीवर घातली होती गाडी. आठवते? गाडीवान तुमच्यावर वराडला अन् तुम्ही त्याच्यावर. तवापासून मी मांगं लागली."

मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीस?

"सांगतलं की. करुणानं सांगतलं. मी सांगतलं. दर वक्ती आकडा सांगतला तुमाले. आनखी कसं सांगू?"

आकडा सांगितला होता. आणि नियम माझा होता. दोघांतला कमी धरायचा. ज्याला कमी दिसतं त्याचंच खरं मानायचं, असा नियम मी स्वतःच्या प्रामाणिकपणाच्या घमेंडीत केला आणि तिने पाहिलेला एकेक पक्षी त्या नियमाने पुसून टाकला. रागाने नाही, चुकूनही नाही, अगदी नियमाप्रमाणे.

२० नोव्हेंबर

नागपूर. करुणाने सुट्टी काढली होती. डॉक्टरीणबाई करुणाच्याच वयाच्या. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत, उजव्यात पिकलेला. घाबरण्यासारखं काही नाही म्हणाल्या. पहिल्यांदा काय दिसेनासं होतं, म्हणून मी विचारलं. "फिक्यावरचं फिकं," म्हणाल्या. "पांढऱ्या ताटात भात असला की पेशंट म्हणतो, भात वाढला नाही." करुणा हसली. मला हसता आलं नाही.

ऑपरेशन मंगळवारी. त्यानंतर महिनाभर धुळीत जायचं नाही, म्हणजे बरड बंद. मी म्हटलं, मोसम संपला की करू. मंगला डॉक्टरांसमोरच म्हणाली, "मोसम तुमच्याबिगर जाईन. मी मोजते."

बाहेर आल्यावर अपर्णाताईंना फोन लावला. बोलायचं ठरवलेलं सगळं विसरलो. एवढंच म्हटलं की ताई, माझे या मोसमाचे सगळे आकडे रद्द करा, मला नर दिसत नव्हते. त्या म्हणाल्या, "काका, मला रविवारीच कळलं होतं. पण काकू तुमच्यासाठी इतक्या जीव तोडून बोलत होत्या." मग म्हणाल्या, "काकूंचे आकडे असतील ना? तेच द्या. मोसम वाचेल."

मंगला शेजारीच उभी होती. माझ्या या वहीत तिचे तीनच आकडे होते, सात, तेरा आणि सव्वीस. मी विचारलं, बाकीचे तुला आठवतात का? ती म्हणाली, "मी कायले ध्यानात ठेवू? तुम्ही तं फेकून देत होते." बोलण्यात राग नव्हता, हेच जास्त लागलं. ताई यायच्या आधीच्या दोन वेळचे तर तिने माझ्या तोंडाकडे पाहून सांगितले होते. मी सुरुवात केली की ओठ पाहायचे आणि तेच म्हणायचं. मी त्यावर तिला शाबास म्हटलं होतं.

बाकीच्या संध्याकाळींचे भोवत्ये गेले. ते येऊनही बरडावर आले नाहीत असंच राहणार. मला त्याचं वाईट वाटतं. पण त्याहून जास्त वाईट याचं वाटतं की माणसाने डोळ्यांनी पाहिलेलं स्वतःच्या तोंडाने नाही म्हणावं, इतकं मी तिला दमवलं.

२६ नोव्हेंबर

काल उजवा डोळा झाला. आज पट्टी काढली. करुणाच्या घरची भिंत पिवळी नाही, पांढरी आहे. मंगलाच्या कपाळावरच्या केसांत इतकं पांढरं आहे, हे मला माहीत नव्हतं. बराच वेळ पाहत राहिलो तर म्हणाली, "असे काय पाहून राहिले? झोपा."

जास्त लिहायला मनाई आहे.

३० नोव्हेंबर, रविवार

सौंसरला परतलो. काळा चष्मा लावून अंगणात खुर्चीवर बसवलंय मला. दुपारी मंगला तयार झाली. दुर्बीण गळ्यात, डोक्याला रुमाल, पाण्याची बाटली. मी दहा सूचना दिल्या. सूर्याकडे तोंड करू नकोस, डावीकडच्या तुरीवरून येणारे चुकवू नकोस. "बरं" म्हणाली आणि गेली.

मला बसवेना. सूर्य टेकला तेव्हा फोन लावला. मोजताना बोलायचं नाही, हा माझाच नियम, तो मीच मोडला. ती कुजबुजत म्हणाली, "ठेवू नका, खिशात ठेवते चालूच." मग नुसता तिचा आवाज ऐकत राहिलो. "तपकिरी. पांढरा. पांढरा. तपकिरी." मध्ये बराच वेळ काही नाही. मग एकदम, "अगे बाप्पा, चार संगच. तीन पांढरे." तिचा असा आवाज मी करुणाच्या जन्मानंतर ऐकला नव्हता.

अंधार पडायला लागला तेव्हा मी विचारलं, किती?

ती म्हणाली, "छत्तीस लिहा."

मी म्हटलं, छत्तीस मोजले?

"मोजले बेचाळीस. पन छत्तीस लिहा. उगाच जास्त नको."

 समोर कोणी दुसरा मोजणारा नव्हता, मी नव्हतो, भांडायला कोणी नव्हतं, आणि तरी तिने आपणच आपले सहा पुसले होते. मी म्हटलं, "मंगला, तुले किती दिसले?"

"बेचाळीस."

"मग बेचाळीसच लिहितो. तुले दिसले तेवढेच आले."

 फोनमध्ये वारा ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "त्यातले एकोनवीस पांढरे." मी म्हटलं, एकोणीस पांढरे, लिहिलं. काळ्या चष्म्याच्या आत डोळा भरून आला, तो मी तसाच राहू दिला.

मी म्हटलं, आता निघ, अंधार झाला, रस्त्याने जपून ये.

"येते ना. थांबा जरासं. एक पांढरा आता आला, बसायले जागा पाहून राहिला. घिरटीवर घिरटी घालून राहिला बिचारा. म्हणजे त्रेचाळीस करा. तो बसला का निघते."

मी त्रेचाळीस केले आणि फोन कानालाच धरून ठेवला.